सांगणाऱ्याच्याच शब्दांत

पत्रात लिहिलं होतं की एक पान पुरे. मुलीबद्दल घरच्यांना जे सांगावंसं वाटतं ते एका पानात लिहून आणा आणि चौकशीच्या दिवशी, साक्षी सुरू होण्याआधी, उभं राहून वाचा. म्हणजे ज्या मृत्यूची चौकशी चालली आहे तो कोणा हाडामांसाच्या माणसाचा होता, हे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकारी, कॉरोनरबाई, यांना कळेल. पद्धत चांगली आहे. ज्याने काढली त्याच्या घरचं कोणी गेलेलं असणार. पण चोवीस वर्षांची पोर एका पानात कशी बसवायची, हे काही पत्रात दिलं नव्हतं. ग्लेनिस डाउस बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज नव्वद पोरांचं जेवण रांधत आली होती. कुठली गोष्ट किती जणांना पुरेल, हे तिला नुसतं बघून कळायचं. हे पान पुरणार नाही, हे तिला पहिल्या ओळीलाच कळलं.

‘कर्स्टी बेकरीत कामाला होती. वाढदिवसाच्या केकवर नावं लिहायची,’ एवढं लिहून ती थांबली.

समोर तिचा नवरा टेरी थंड झालेल्या चहाच्या कपाला दोन्ही हातांनी धरून बसला होता. टेरी हॉल्सबीच्या धक्क्यावरून आतल्या गावांत मासळी पोचवायचा. पहाटे पाचला गाडी काढायची, दुपारी परत. मुळातच कमी बोलणारा माणूस. फेब्रुवारीत कर्स्टी गेली तेव्हापासून तो जे काही बोलायचा ते एकाच विषयावर.

“तिचंही लिही त्यात,” तो म्हणाला.

“कोणाचं?”

“तुला माहितीय कोणाचं. समोरचीचं.”

“हे पान कर्स्टीचं आहे, टेरी.”

“मग काय झालं? पोरीचा जीव गुदमरत होता आणि ही बया लिहिते पॅनिक अटॅक. डॉक्टर आहे का ती? फोन उचलणारी बाई! तो शब्द ज्या माणसाचा ना, त्याचं तोंड मी मरेपर्यंत बघणार नाही.” त्याने कप खाली ठेवला. “लिही तू. तुला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.”

ग्लेनिसने पेन उचललं आणि कर्स्टी समुद्रपक्ष्यांना कशी घाबरायची ते लिहायला घेतलं. हातातले चिप्स पळवतात म्हणून ती उन्हाळ्यातही छत्री उघडून किनाऱ्यावर बसायची. लिहिता लिहिता ग्लेनिसला हसू आलं आणि मग जे यायचं तेच आलं. टेरी उठून बाहेर गेला. तो तिला रडताना बघू शकत नसे, आणि तिला रडताना नेमका तोच हवा असे. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ही एक गोष्ट दोघांनाही जमली नव्हती.

समोरची म्हणजे पॉलीन. हॉल्सबीच्या दवाखान्यात फोनवर बसणारी पॉलीन कटफर्थ. ग्लेनिसच्या दाराच्या बरोबर समोर तिचं दार. दोघी एका बाकावर शिकल्या, एकाच वर्षी दोघींची लग्नं झाली. एकीचा नवरा टिकला, दुसरीचा पळाला. पॉलीनला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे कर्स्टीचे लाड करायला तिला कोणाची परवानगी लागत नसे. आता गावात पॉलीनशी कोणी बोलत नव्हतं. बिंगोच्या हॉलमध्ये तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या, आणि मासे तळणाऱ्याच्या दुकानात तिचा नंबर आला की सगळ्यांना एकदम भिंतीवरच्या पाटीत काहीतरी वाचायचं असायचं. दवाखान्याने तिला चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं होतं. नंतरही परत घेणार नव्हते, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आणि त्या शब्दाचं खरं काय ते सगळ्या गावात दोनच बायकांना माहीत होतं.

हॉल्सबीत डॉक्टर गाठायचा म्हणजे सकाळी आठला फोन लावायचा. आठला एक मिनिट कमी असताना लावला तर दवाखाना बंद आहे म्हणतात, आणि एक मिनिट जास्त झालं की तुमचा नंबर सतरावा असतो. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी ग्लेनिसचा नंबर सतरावा होता. पाऊण तासाने तिला शाळेत हजर व्हायचं होतं. कर्स्टी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. पंधरा दिवसांपूर्वी बेकरीच्या ओल्या फरशीवर घसरून तिचा घोटा मोडला होता, आणि प्लास्टरमधला पाय तिने पुढे पसरला होता.

तिसरी पायरी ही त्यांची ठरलेली जागा होती. सतराव्या वर्षी, परीक्षेच्या आधी, कर्स्टीला पहिल्यांदा पॅनिक अटॅक आला. छाती धडधडायची, हात गार पडायचे, आता आपण मरणार असं वाटायचं आणि अर्ध्या तासात सगळं ओसरायचं. डॉक्टरांनीच ते नाव दिलं होतं, आणि तेव्हा ते बरोबर होतं. मग ग्लेनिसने एक उपाय शोधून काढला. पोरीला तिसऱ्या पायरीवर बसवायचं, आपण दुसरीवर बसायचं, तिचा हात धरायचा आणि किनाऱ्यावरच्या बसचे थांबे उलट्या क्रमाने म्हणायचे. दीपगृहापासून सुरू करायचं. चर्च येईपर्यंत श्वास जागेवर यायचा, आणि बाजारपेठ आली की कर्स्टी म्हणायची, “चहा टाक आता.” वर्षातून दोन-तीनदा हे व्हायचं. ग्लेनिसला त्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. पोरीला दुसऱ्या कोणाला जमत नाही ते आपल्याला जमतं, याचा कुठल्या आईला नसेल?

त्या दिवशी फोन कानाला लावून तिने थांबे म्हणायला सुरुवात केली. दीपगृह. कर्स्टी म्हणाली, “दीपगृह.” बोटींचा क्लब. कर्स्टी काहीच म्हणाली नाही. तिने आईची बाही धरली.

“आई, हे ते नाही. हे वेगळं आहे.”

“दर वेळी तसंच वाटतं गं राणी. बोटींचा क्लब. म्हण.”

तेवढ्यात फोन लागला, आणि पलीकडे पॉलीन निघाली. ओळखीचा आवाज ऐकून ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला.

“पॉलीन, अगं मीच. कर्स्टीला परत पॅनिक अटॅक आलाय.”

“अरे देवा. छातीत दुखतंय का तिच्या?”

“तिचं नेहमीचंच गं. जरा जास्त आहे एवढंच. डॉक्टरांना त्रास द्यायचा नव्हता खरं तर, पण मला निघायचंय आणि टेरी बाहेर आहे.”

“बरं. लिहिते. डॉक्टर फोन करतील तिला. बाराच्या आधी होईल असं वाटत नाही, आज नुसती झुंबड आहे. चालेल ना?”

“चालेल. लोकांना खरोखरचे आजार असतात.”

हे वाक्य ग्लेनिसचंच. नंतरच्या आठ महिन्यांत असा एकही दिवस गेला नाही की ते तिला आठवलं नाही.

दवाखान्यात फोनच्या वर एक पाटी आहे: सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहा, आजाराला नाव डॉक्टर देतील. पॉलीनने पाटीवर होतं तेच केलं. सांगणारी म्हणाली पॅनिक अटॅक, हिने लिहिलं पॅनिक अटॅक. यादीवरून नजर फिरवणाऱ्या डॉक्टरांनी तो शब्द पाहिला आणि त्या घरचा फोन बाराच्या पुढे ढकलला. साडेअकराला पॉलीनला राहवेना. तिने स्वतःच फोन केला, कोणी उचलला नाही. मग कोट न घालताच ती धावत ग्लेनिसच्या दारी आली आणि कुंडीखालची किल्ली काढून तिने दार उघडलं. कर्स्टी तिसऱ्या पायरीवरच होती. मोडलेल्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती फुप्फुसात गेली होती. त्या वेळी ग्लेनिस शाळेत नव्वद पोरांना जॅमचा केक वाढत होती.

लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडणारा पोरगा आपल्याला माहीत असतो. पण त्या पोरीने खोटी आरोळी कधी ठोकलीच नव्हती. उलट खरा लांडगा आला तेव्हा तिने सांगितलंही, की हा वेगळा आहे. आईने ऐकलं नाही आणि पुढे सांगितलं नाही.

महिन्याने दवाखान्याकडून एक माणूस घरी आला. भला माणूस होता, बूट दाराशी काढून आत आला. टेरी बायकोच्या शेजारी सोफ्यावर बसला होता, त्याने तिचा हात धरला होता. “मिसेस डाउस, तुम्ही फोनवर नेमकं काय सांगितलंत?” ग्लेनिसने टेरीच्या हाताकडे बघितलं. “बरं नाही म्हणाले,” ती म्हणाली. “श्वास लागतोय म्हणाले.” माणसाने लिहून घेतलं. दवाखान्यात फोनचं रेकॉर्डिंग व्हायचं नाही. मग तो माणूस समोरच्या दारी गेला, आणि पॉलीनने ग्लेनिसचं म्हणणं ऐकून घेतलं. ती म्हणाली, “ती म्हणते तसंच असेल. शब्द माझा असेल.”

चौकशी गुरुवारी होती. मंगळवारी सकाळी ग्लेनिस कचऱ्याचा डबा रस्त्यावर काढायला दार उघडून बाहेर आली, तर झोपेच्या झग्यावर स्वेटर चढवून पॉलीन ग्लेनिसचा डबा ढकलत होती. वीस वर्षांची रीत होती. जी आधी उठेल तिने दोघींचे डबे बाहेर काढायचे. फेब्रुवारीनंतरही पॉलीनने ती मोडली नव्हती. टेरी घरी असला की तो डबा परत आत आणायचा आणि पुन्हा स्वतःच्या हाताने बाहेर ठेवायचा. लेकाचा हट्टी होता.

“राहू दे, पॉलीन,” ग्लेनिस म्हणाली.

“तुझ्या चाकात खडा अडकलाय. कधीपासून सांगायचं होतं.” आठ महिन्यांनंतरचं हे तिचं पहिलं बोलणं.

वारा समुद्रावरून येत होता. दोघी डब्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. पॉलीन वाळली होती. केस रंगवायचे तिने सोडून दिले होते.

“परवा काय सांगणार आहेस?” ग्लेनिसने विचारलं.

“सांगतेय तेच. शब्द माझा.”

“बायबलवर हात ठेवून?”

“मी चर्चमध्ये लग्नाला नाहीतर मयताला जाते. बायबल मला ओळखणारसुद्धा नाही.”

ग्लेनिसला हसू आलं नाही. “का करतेयस तू हे? मी तुला सांगितलं होतं का कर म्हणून?”

“नाही. तू मला काहीच सांगितलं नाहीस.” पॉलीनने पायाने खडा काढायचा प्रयत्न केला. “अनोळखी बाई असती ना, तर मी तिला चार प्रश्न विचारले असते. पाय कसा आहे, ओठ निळे पडलेत का. सगळं छापून दिलंय आम्हाला. पण तू होतीस. तुझा आवाज ऐकला आणि मला वाटलं, ग्लेनिसला कळत नाही तर कोणाला कळणार? एक विचारलं आणि सोडलं. तेव्हा मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.”

“पण शब्द माझा होता.”

“होता.” पॉलीनने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. “पण माझी काय, नोकरीच गेली. पुढच्या वर्षी निवृत्त होणारच होते. तुला त्या घरात राहायचंय. तुझ्याकडे आता एक टेरी उरलाय. तेवढा तरी राहू दे.”

तेवढ्यात कचऱ्याची गाडी वळणावर आली, आणि पॉलीन झगा सावरत आत गेली. ग्लेनिस तिथेच उभी राहिली. कर्स्टीचं शेवटचं वाक्य या जगात आपल्याशिवाय कोणाकडे नाही, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. परवा पॉलीन खोटं बोलली की ते वाक्य कायमचं गेलं. पोरीने मरताना खरं सांगितलं होतं आणि त्याचा कुठेच कागद राहणार नव्हता. आणि सांगावं, तर टेरी जाणार. दोन्हीकडून तिचंच माणूस जाणार होतं.

गुरुवारी टेरीने लग्नातला टाय बांधला. चौकशीच्या खोलीत सगळं निळं होतं, गालिचा निळा, खुर्च्या निळ्या. पॉलीन शेवटच्या रांगेत एकटी बसली होती. कॉरोनरबाई पन्नाशीच्या, चष्म्याला साखळी लावलेल्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं की इथे कोणाला दोषी ठरवायचं नाही, फक्त कोण, कधी, कुठे आणि कसं गेलं एवढंच शोधायचं आहे. टेरी पुटपुटला, “ते आम्हाला माहितीय.”

मग ग्लेनिसचं नाव घेतलं. ती उभी राहिली, घडी घातलेलं पान उलगडलं आणि वाचायला लागली. कर्स्टी केकवर नावं लिहायची. चार वर्षांच्या पोराचा केक असला तर त्यावर आपल्या पदरची एक मोटारही काढून द्यायची. ती समुद्रपक्ष्यांना घाबरायची. बटाट्याच्या वेफर्सचं सँडविच तिला जगातलं सगळ्यात चांगलं जेवण वाटायचं, आणि जिची आई स्वयंपाकीण आहे तिने असं म्हणावं याचा आईला राग यायचा. कोणीतरी हसलं. टेरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने तिच्याकडे बघून मान हलवली, चांगलं लिहिलंस अशी. पानावर आणखी एक ओळ उरली होती. ती न वाचता ग्लेनिसने पान खाली ठेवलं.

“यात एक लिहायचं राहिलंय,” ती म्हणाली. “फोनवर पॅनिक अटॅक हा शब्द पॉलीनचा नव्हता. माझा होता. मी म्हणाले, तिने लिहिला. माझ्या आधीच्या जबानीत मी खोटं सांगितलंय.”

कॉरोनरबाईंनी चष्मा काढला, परत लावला. “मिसेस डाउस, ही आता साक्ष झाली. शपथ घेऊन सांगाल?”

“सांगेन.”

बायबल आणलं. ग्लेनिसने त्यावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. सतरावा नंबर, तिसरी पायरी, छातीत दुखतंय का हा प्रश्न आणि तिने दिलेलं उत्तर. लोकांना खरोखरचे आजार असतात, हेही सांगितलं. टेरीकडे तिने बघितलं नाही. त्याच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता, मासळीच्या पेट्या उचलल्यावर यायचा तसा. मग खुर्ची मागे सरकली. त्याने बूट वाजू न देता चालायचा प्रयत्न केला, आणि दारही हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

मागून पॉलीनचा हुंदका आला. कोणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

“तुमची मुलगी काही बोलली होती?” कॉरोनरबाईंनी विचारलं. “फोन लागण्याआधी?”

“हो.”

“नेमकं काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांगा. घाई नाही, मी लिहून घेते.”

ग्लेनिसने सांगितलं. बाई हाताने लिहीत होत्या, सावकाश, आणि त्या लिहीत असेपर्यंत ग्लेनिस त्यांच्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिली. मग त्यांनी कागद जरा वर धरला आणि लिहिलेलं वाचून दाखवलं.

“‘आई, हे ते नाही. हे वेगळं आहे.’ बरोबर आहे, मिसेस डाउस?”

“हो,” ग्लेनिस म्हणाली. “ती बरोबर सांगत होती.”